कॉलरचे बटण

कादंबरी वाचून रडणे ही सुशिक्षित माणसाची एक जुनी आणि स्वस्त चैन आहे. तीत खर्च फारसा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वितुष्ट येण्याचे भय नाही, आणि डोळे पुसून पुस्तक मिटले म्हणजे मन कसे पावसाने धुतलेल्या अंगणासारखे लख्ख वाटू लागते. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझ्या आयुष्याची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेल्यामुळे ह्या चैनीचे नाना प्रकार मला जवळून पाहावयास मिळाले. विरहिणीसाठी रडणारे असतात, क्षयाने खंगणाऱ्या नायिकेसाठी रडणारे असतात. परंतु ह्या सर्वांत अधिक प्रतिष्ठित रडे म्हणजे दूरदेशीच्या अन्यायासाठी रडणे. त्यात दुःख असते आणि त्या अन्यायात आपला हात नाही ह्याचे समाधानही असते. ह्या दुसऱ्या भागाविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

हॅरिएट बीचर स्टो ह्या बाईंची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्या वर्षातच एकट्या अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. बाईंनी वाचकांस रडविले, आणि त्या रडण्याने गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागे होण्यास मोठेच साहाय्य झाले ह्यात शंका नाही. तेव्हा मी अश्रूंची थट्टा करीत आहे असे कोणी समजू नये. पण अश्रूंचा एक गुण असा की, ते ज्याच्या डोळ्यांतून येतात त्यालाच ते प्रथम हलके करतात. रिचर्ड राइट ह्या काळ्या लेखकास हे चांगलेच उमगले होते. 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' हा त्याचा कथासंग्रह १९३८ साली निघाला, वाखाणला गेला. आणि त्याच्या ध्यानात आले की, पेढीवाल्या धनिकांच्या मुलींनीही वाचावे, रडावे आणि बरे वाटून घ्यावे असे हे पुस्तक झाले आहे. पुढचे पुस्तक असे कठोर लिहावयाचे की वाचकास रडण्याचा दिलासा मिळताच कामा नये, असा त्याने निश्चय केला. ते पुस्तक म्हणजे १९४० सालची 'नेटिव्ह सन'.

शिकागो शहरात एका खोलीत आई, भाऊ आणि बहीण ह्यांच्यासह, आणि उंदरांच्या शेजारात, राहणारा बिगर टॉमस नावाचा विशीतला काळा तरुण हा त्या कादंबरीचा नायक. तो डॉल्टन नावाच्या धनिकाकडे मोटार हाकण्याच्या नोकरीस लागतो. पुढे खून होतो, पाठलाग होतो, खटला होतो, देहान्ताची शिक्षा होते. त्या सर्व प्रकारांत अंगावर काटा आणणारे बरेच आहे. तथापि मला विचाराल तर ह्या पुस्तकातील सर्वांत भयंकर पात्र म्हणजे ते डॉल्टनसाहेब होत. कारण ते सज्जन आहेत. काळ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी लक्षावधी डॉलर दिले आहेत. काळ्या मुलांच्या क्लबाला त्यांनी टेबल-टेनिसची डझनभर टेबले पाठविली आहेत, आणि ही गोष्ट ते अगदी निर्मळ मनाने सांगतात. मात्र बिगरच्या त्या उंदरांच्या खोलीचे भाडे ज्या कंपनीकडे जाते ती कंपनी त्यांच्या हातातली आहे. काळ्यांना शहराच्या एका ठरावीक भागापलीकडे जागा द्यावयाची नाही आणि त्या भागात चढे भाडे घ्यावयाचे, हा तिचा शिरस्ता. असे का, म्हणून भर चौकशीत विचारले असता डॉल्टनसाहेब गोंधळतात. तशी जुनी रीतच आहे, ह्याहून निराळे उत्तर त्यांच्यापाशी नसते. ह्या माणसाकडे पाहून कोणास रडू येईल? आणि त्यास दुष्ट म्हणून झिडकारावे तर तेही जमत नाही. तो आपल्या ओळखीचा असतो. कुठल्या तरी संस्थेच्या वार्षिक समारंभात त्यास नारळ देऊन त्याचा सत्कार झालेला आपण पाहिलेला असतो.

ज्याला हल्ली 'प्रिव्हिलेज' म्हणतात ते हेच. मराठीत त्याचे भाषांतर 'विशेषाधिकार' असे करतात, पण मला ते रुचत नाही. अधिकार म्हटला म्हणजे कोणी तरी दिला, कोणी तरी घेतला असा काही दस्तऐवज डोळ्यांपुढे उभा राहतो. आपला 'वतन' हा शब्द ह्या वस्तूच्या अधिक जवळ जातो. वतनदाराचा मुलगा वतन मिळवीत नाही. तो त्यात जन्मतो. आणि त्याचे उत्पन्न खाताना आपण कोणाच्या ताटातले खात आहो असे त्यास स्वप्नातही वाटत नाही. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क' मधील सर टॉमस ह्यांचा इंग्लंडातला टोलेजंग वाडा काही अंशी अँटिग्वा बेटावरील मळ्यांच्या जोरावर चालतो, आणि ते मळे गुलामांच्या घामावर. घरात आश्रित म्हणून वाढलेली भाची फॅनी एका संध्याकाळी मामांना गुलामांच्या व्यापाराविषयी काही विचारते, आणि खोलीत एकदम शांतता पसरते. बस्स, इतकेच. ऑस्टिनबाई पुढे काही बोलत नाहीत आणि गोष्ट लग्नाकडे वळते. त्या शांततेवर नंतर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्या मते ती शांतता त्यांच्या लिखाणाहून बोलकी आहे.

आता त्या बटणाकडे येतो. ई. एम. फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) माझ्या वाचकांपैकी अनेकांनी वाचली असेल, निदान तिचा चित्रपट पाहिला असेल. चंद्रपूर नावाच्या कल्पित गावातील सरकारी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल फील्डिंग ह्यांनी दोन इंग्रज बायकांना चहास बोलाविले आहे. डॉक्टर अझीझ थोडे लवकर येतात. फील्डिंग आत कपडे करीत आहेत आणि त्यांच्या कॉलरचे शेवटचे बटण नेमके त्यांच्याच पायाखाली चिरडले गेले आहे. त्या काळची कॉलर सदऱ्यास शिवलेली नसे. मागे-पुढे बटण लावून ती बसवावी लागे. अझीझ म्हणतो, माझ्याजवळ एक जास्तीचे आहे. आणि पाठ वळवून, स्वतःच्या कॉलरमधले सोन्याचे बटण ओढून काढून ते तो ह्या नव्या मित्राच्या हाती ठेवतो. जास्तीचे वगैरे काही नसते. मैत्रीच्या पहिल्या भरात केलेला तो एक सुंदर खोटेपणा असतो. साहजिकच पुढे त्याची कॉलर मानेवर वर सरकते. चहा संपता संपता तेथे आलेला रॉनी हा तरुण न्यायाधीश ती सरकलेली कॉलर पाहतो, आणि मागाहून आपल्या मंडळींस सांगतो की, हा अझीझ नखशिखान्त नटून आला होता, पण मागचे बटण मात्र विसरला; हिंदी माणूस म्हणजे हा असाच, बारीकसारीक गोष्टींत ढिला.

पुढे ह्याच अझीझवर खोटा आळ येतो, तो तुरुंगात जातो, गाव पेटते. कादंबरीतील मोठा अन्याय तो आहे. पण वर्गात शिकविताना मी ह्या बटणापाशी नेहमी अधिक रेंगाळतो. कारण रॉनी काही लबाड नाही. त्याने डोळ्यांनी जे पाहिले तेच तो सांगतो. कॉलर खरोखरच सरकलेली होती! त्याने पुरावा पाहिला आणि निकाल दिला. चूक एवढीच की निकाल आधीच तयार होता आणि पुरावा त्यास येऊन चिकटला. अशा वेळी मनुष्यास आपण द्वेष करीत आहो असे वाटत नाही, आपण निरीक्षण करीत आहो असे वाटते. वर्तमानपत्रातील बातमी किंवा एखाद्या समितीचा अहवाल अन्यायाची मोजदाद करू शकेल. परंतु बटण कोठे गेले हे वाचकास ठाऊक आहे, रॉनीस ठाऊक नाही, आणि ते त्यास कोणीही कधी सांगणार नाही, अशी स्थिती उत्पन्न करणे फक्त गोष्टीलाच साधते. फॉर्स्टर येथे एक अक्षर टीका करीत नाही. कान पकडून न दाखविण्याचा हा संयम आपल्या पुष्कळ सामाजिक कादंबरीकारांनी शिकण्यासारखा आहे, असे मी जाता जाता म्हटले तर त्यांनी रागावू नये.

रॉनी हा परका अधिकारी; त्याच्या पूर्वग्रहावर आपण बोट ठेवतो ते सुरक्षित अंतरावरून. मार्क ट्वेनने ह्याहून अवघड गोष्ट केली. 'हकलबेरी फिन' (अमेरिकेत १८८५) मध्ये त्याने पूर्वग्रह घातला तो थेट आपल्या लाडक्या निवेदकाच्या तोंडी. हक हा दारुड्या बापाचा, शाळा बुडविणारा पोरगा. जिम नावाच्या पळून आलेल्या गुलामाबरोबर तो मिसिसिपी नदीतून तराफ्यावर बसून जातो. गुलामास पळून जाण्यास मदत करणे म्हणजे दुसऱ्याच्या मालाची चोरी, आणि चोरी म्हणजे नरक, असे त्यास देवळात आणि घरात शिकविलेले आहे. एके ठिकाणी त्याचे मन त्यास इतके खाते की, तो जिमच्या मालकिणीस पत्ता कळविणारी चिठ्ठी लिहितो. मग नदीवरच्या त्या रात्री आठवतात, जिमने स्वतः जागून त्यास निजू दिलेले आठवते, आणि तो चिठ्ठी फाडून टाकतो. नरकात जावे लागले तरी बेहत्तर. ट्वेनने १८९५ च्या एका टिपणात ह्या पुस्तकाचे मर्म सांगितले आहे: निरोगी अंतःकरण आणि वाकडी शिकवण मिळालेली सदसद्विवेकबुद्धी ह्यांची टक्कर होते, आणि विवेकबुद्धी हरते. किती विलक्षण विचार आहे हा! आपण जन्मभर मानतो की, वाईट वागताना आतला आवाज आपणास अडवील. ट्वेन म्हणतो, तो आतला आवाजच गावाने भरवून दिलेला असला तर?

चिठ्ठी फाडण्याचा हा प्रसंग सर्वजण वाखाणतात. मला मात्र त्याच्या लगेच पुढच्या प्रकरणातील एक लहानसा संवाद अधिक महत्त्वाचा वाटतो. हक एका शेतकऱ्याच्या घरी पोहोचतो. उशीर का झाला, ह्याची थाप म्हणून तो आगबोटीवरच्या स्फोटाची हकीकत रचतो. घरची प्रेमळ बाई विचारते, कोणास लागले तर नाही ना? हक म्हणतो, नाही, एक काळा तेवढा मेला. बाई म्हणते, नशीब म्हणायचे, कारण अशा वेळी कधी कधी माणसांना इजा होते. इतके बोलून ती अशाच एका जुन्या अपघाताची हकीकत सांगू लागते. ज्या मुलाने काल जिमसाठी नरक पत्करला त्याच्याच जिभेवर हे वाक्य अगदी सहज येते! जिम हा त्याच्या लेखी माणूस झाला. पण 'काळा' हा अजून माणूस झालेला नाही. ट्वेनने हकला एका रात्रीत साधू केले नाही, ह्यात त्याची खरी थोरवी. एका व्यक्तीवर जीव जडला म्हणजे तिच्या जातभाईंविषयीचा ग्रह मावळतो ही गोड समजूत त्याने दोन ओळींत मोडून टाकली. 'आमचा अमुक तसा नाही हो' असे कौतुकाने म्हणणारी मंडळी आपल्या भोवतीही असतात. त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

ह्याच्या उलट, वाचकास नायकाच्या खुर्चीत बसवून खूष करणारी पुस्तके. हार्पर ली हिची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) हे त्यांतले सर्वांत लाघवी. अॅटिकस फिंच हा गोरा वकील खोट्या आरोपात सापडलेल्या टॉम रॉबिन्सन ह्या काळ्या मजुराचा खटला लढतो आणि हरतो. न्यायालयाच्या सज्जात बसविलेले काळे लोक तो जाताना आदराने उभे राहतात. प्रसंग हृद्य आहे. पण वाचक त्या वेळी कोठे असतो? तो सज्जात नसतो. तो अॅटिकसबरोबर खालून चालत असतो आणि ते उभे राहणे थोडेसे आपल्यासाठीही आहे असे त्यास वाटते. मग २०१५ साली, पहिल्याच्या आधी लिहिलेले पण इतकी वर्षे पडून राहिलेले 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले. त्यात मोठी झालेली मुलगी त्याच न्यायालयाच्या त्याच सज्जातून पाहते, तो तिचे वडील गोऱ्यांचे वर्चस्व टिकवू पाहणाऱ्या मंडळींच्या सभेत बसलेले! जगभरच्या वाचकांस धक्का बसला. कलाकृती म्हणून हे दुसरे पुस्तक कच्चे आहे हे खरे. पण त्या हळहळीत मला असे दिसले की, लोकांस टॉम रॉबिन्सनचे मरण सोसले होते, अॅटिकसचे उतरणे सोसेना.

टॉमला त्या पुस्तकात बोलावयास कितीसे मिळते? हा प्रश्न शेवटी येतोच. आपली गोष्ट दुसऱ्यांनी सांगावी आणि आपण तीत मुकाट्याने सोसावे, हे किती दिवस चालावयाचे? नायजेरियाच्या चिनुआ अचेबे ह्याने १९५८ साली 'थिंग्ज फॉल अपार्ट' लिहून ह्याचे उत्तर दिले, आणि १९७५ च्या एका व्याख्यानात जोसेफ कॉनरॅडवर जो हल्ला चढविला तो आजही इंग्रजीच्या प्राध्यापकांची झोप उडवितो. अलीकडचे उत्तर पर्सिव्हल एव्हरेटचे. त्याच्या 'जेम्स' (२०२४) ह्या कादंबरीस पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ट्वेनचीच गोष्ट ह्यात जिम सांगतो. हा जिम चोरून ग्रंथ वाचतो, शुद्ध भाषेत विचार करतो, आणि रात्री झोपडीत काळ्या मुलांना धडे देतो ते गोऱ्यांपुढे अडाणीपणाने कसे बोलावे ह्याचे! गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरास आग लागली तरी 'आग' म्हणावयाचे नाही. नुसते 'अगबाई, तिकडे पाहा' म्हणावयाचे, कारण संकट प्रथम ओळखण्याचा मान त्यांचा. हे वाचून मी मोठ्याने हसलो, आणि हसता हसता थांबलो. आपल्याशी अघळपघळ, भोळेपणाने बोलणारी जी माणसे आपणास रोज भेटतात, त्यांनी हे धडे कोणत्या झोपडीत घेतले असतील?

फॉर्स्टरच्या त्या चहाच्या प्रसंगी आणखी एक पाहुणा होता, आणि तो आपल्यापैकी. फॉर्स्टरने १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी कारभारी म्हणून काही महिने काढले होते. ते घराणे पवारांचे, मराठी. तेथे पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरविला आणि त्या गजरात तुकारामाचे नावही आणले. तेव्हा त्याच्या चहास प्रोफेसर नारायण गोडबोले हजर असावेत ह्यात नवल नाही. हे दक्षिणी ब्राह्मण गृहस्थ मोठे गोड, शांत, पगडी बांधलेले. ते सर्वांबरोबर चहा घेतात, पण मंडळींपासून किंचित दूर, स्वतःच्या मागे ठेवलेल्या एका ठेंगण्या टेबलावरून; आणि हात मागे नेऊन अशा बेताने खातात की, जणू तो फराळ त्यांना वाटेत अवचित भेटला आहे. म्हणजे एकाच खोलीत एका मानेवर कॉलर सरकत होती आणि दुसऱ्या बाजूस एक टेबल सरकलेले होते. माझ्या वर्गातील मुले बटणाच्या जागी संतापतात आणि टेबलाच्या जागी हसतात. तो विनोद आहे हे मलाही मान्य. तरीही त्या दोहोंमधले अंतर त्यांना मोजावयास लावणे हे मी माझे काम समजतो.

ते अंतर फार पूर्वी एका मराठी माणसाने मोजलेलेच आहे. जोतीराव फुल्यांनी आपल्या १८७३ च्या 'गुलामगिरी' ह्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सदाचरणी लोकांस लिहिली, ती त्यांनी काळ्या गुलामांस मुक्त केले म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. गोष्टीच्या रूपाने तेच मोजमाप बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मध्ये घेतले. रेल्वेत नोकरीस गेलेला शिकलेला, कविता करणारा तरुण आपली जात सांगत नाही, तोवर भोवतालचे लोक त्यास मान देतात. जात कळताच तेच लोक त्यास बडवितात. माणूस तोच, कविता त्याच. येथे वाचकास बसावयास अॅटिकसची खुर्ची ठेवलेली नाही. मी ही कथा 'नेटिव्ह सन' च्या जोडीने वाचावयास सांगतो. अभ्यासक्रमात ती नाही, इंग्रजीत ती लिहिलेली नाही, अशी कुरकुर अधूनमधून होते. मी तिकडे लक्ष देत नाही.

गेल्या वर्षी मी बी. ए. च्या वर्गास एक घरपाठ दिला होता. आपण कोणावर अन्याय करीत आहो हे ज्यास मुळीच ठाऊक नाही अशा माणसाच्या तोंडून एक पान लिहून आणा, आणि स्वतः मध्ये एक शब्द बोलू नका. बहुतेकांनी इंग्रज कलेक्टर नाही तर अमेरिकेतला मळेवाला उभा केला. चांगले लिहिले होते. वाईट माणसे नीट वाईट होती. एका मुलीने मात्र आपली आजी लिहिली. आजी भांड्याला येणाऱ्या बाईची स्तुती करीत आहे: किती प्रामाणिक, किती स्वच्छ, वीस वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नाही, आम्ही तर तिला घरचीच मानतो, चहासुद्धा रोज देतो, तिच्यासाठी मुद्दाम निळ्या फुलांचा कप वेगळा काढून ठेवला आहे, तिलाही बरे, आपल्यालाही बरे. पान तेथे संपले होते.

तास संपल्यावर मी तिला विचारले, "हे आजींना दाखवलेस काय?"

"वाचून दाखवलं, सर," ती म्हणाली. "आजीला फार आवडलं. म्हणाली, 'अगदी माझ्यासारखं उतरलंय हो. फक्त कपावरची फुलं निळी नाहीत, तांबडी आहेत, तेवढं बदल.'"